लेक युद्धाच्या छायेत आणि प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत

पत्र मोठं आहे, म्हणून लिहिणाऱ्या ताईंची ओळख कळणार नाही अशा बेताने थोडक्यात देते.

"सप्रेम सलाम. माझी मुलगी परदेशात हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. काही महिन्यांपासून तिथे युद्ध पेटलंय. परतायचा विषय काढला की ती म्हणते, 'आई, वॉर्ड भरलाय, मी कशी येऊ?' मला रात्रभर झोप लागत नाही. सारखा फोन उघडते आणि ती शेवटची ऑनलाइन कधी होती ते बघते. प्रार्थनेला बसलं की 'देवा, देवा' याच्यापुढे शब्द सरकत नाहीत. महिलांच्या प्रार्थना सभेत एका बहिणीने सगळ्यांसमोर सांगितलं, जिथे भीती तिथे विश्वास नाही. वर योहानाचं वचनही वाचून दाखवलं. बाकीच्या म्हणतात, स्तोत्र ९१ रोज वाच, पोरीच्या केसालाही धक्का लागणार नाही. पण आमच्याच मंडळीतल्या एका बाईंचा तरुण मुलगा मागच्या वर्षी अपघातात गेला. त्याही हेच स्तोत्र रोज वाचायच्या. त्या समोरून आल्या की मी वाट बदलते. मी संडे स्कूल घेते. मुलांना 'देवावर भरवसा ठेवा' सांगताना तोंड कोरडं पडतं. शिकवणं सोडू का? आणि मुलीला 'सगळं टाकून ये' म्हटलं तर तो अविश्वास ठरेल का?"

प्रिय ताई,

आधी त्या सभेतल्या वचनाचा निकाल लावू, कारण बाकी सगळ्यापेक्षा तेच तुम्हाला जास्त लागलेलं दिसतं. "पूर्ण प्रीती भीती घालवून देते" हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं चौथ्या अध्यायाचं अठरावं वचन. त्याच्या आधीचं सतरावं वचन वाचा. तिथे विषय चाललाय न्यायाच्या दिवसाचा. आणि अठराव्या वचनातच योहान पुढे सांगतो की ही भीती शिक्षेशी बांधलेली आहे. म्हणजे देव आपल्याला झिडकारेल, धरून मारेल, ही जी धास्ती माणसाला देवापासून पळायला लावते, ती प्रीतीपुढे टिकत नाही, असं त्याचं म्हणणं. दूरदेशी बॉम्ब पडत असताना आईच्या पोटात गोळा येतो, त्याच्याशी या वचनाचा संबंध नाही. ती भीती तर प्रीतीतूनच येते. मुलीवर माया नसती तर तुम्ही डाराडूर झोपला असता.

पौलाचं बघा. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वाक्य आपण कॅलेंडरवर छापतो, फ्रेम करून भिंतीवर लावतो. पण त्याच पत्राचा दुसरा अध्याय सहसा कोणी फ्रेम करत नाही. फिलिप्पैच्या मंडळीने कैदेतल्या पौलाकडे मदत घेऊन एपफ्रदीत नावाच्या माणसाला पाठवलं होतं. तो आजारी पडला, मरता मरता वाचला. पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. आता त्याला घाईने तुमच्याकडे परत पाठवतोय, म्हणजे तुम्हाला आनंद होईल आणि माझीही काळजी कमी होईल. काळजी कमी होईल, म्हणजे होती! करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर तो उघड सांगतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्या डोक्यावर असते. दोन अध्यायांत हा माणूस स्वतःचंच म्हणणं खोडत नाही. चिंता मनात येऊच नये असं तो सांगतच नाहीये. आली की ती घेऊन कुठे जायचं, ते सांगतोय.

आणि गेथशेमाने बागेतल्या येशूला मार्क कसा दाखवतो? अतिशय अस्वस्थ, जीव मरणप्राय खिन्न झालेला, तीन शिष्यांना "इथे जागे राहा" म्हणणारा, तेच मागणं पुन्हा पुन्हा करणारा. त्याला विश्वास कमी पडत होता असं म्हणायची तुमच्या त्या बहिणीची छाती होणार नाही. तिच्यावर राग धरू नका, मात्र तिचं ऐकूही नका. अशी वाक्यं बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या स्वतःच्या भीतीतून येतात. दुसऱ्याच्या संकटाला काहीतरी कारण सापडलं की आपण सुरक्षित आहोत असं वाटतं.

आता स्तोत्र ९१. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न इथे आहे, आणि तो तुम्ही दबकत का होईना पण विचारलात हे बरं झालं.

हे स्तोत्र शुभवर्तमानात कोणाच्या तोंडी येतं, आठवतंय? सैतानाच्या. मत्तय आणि लूक दोघेही चौथ्या अध्यायात सांगतात. तो येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि म्हणतो, टाक उडी, देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंय ना? वचन खरं आहे, शब्दही बरोबर आहेत. तरी येशू उडी मारत नाही. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातलं वाक्य तो परत फेकतो, परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नकोस. म्हणजे हे स्तोत्र देवाला बांधून घ्यायला वापरायचं, रोज एकदा वाचलं म्हणजे विम्याचा हप्ता भरला असं समजायचं, हा वापर येशूने स्वतः नाकारलाय. आणि ज्याच्यावर त्या स्तोत्राचा सगळ्यात जास्त हक्क होता, तो पुढे वधस्तंभावर गेला.

मग स्तोत्र खोटं का? मुळीच नाही. शेवटाकडे या. पंधराव्या वचनात देव स्वतः बोलतो, की संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. संकट येणारच नाही असं ते वचन म्हणत नाही. संकट आहे असं धरूनच ते बोलतं. सहस्रावधी पडतील आणि तुला काही भिडणार नाही, ही ओळ वाचताना ही पंधरावी ओळही कानात असू द्या. दोन्ही एकत्र वाचल्या की स्तोत्र हमीपत्र राहत नाही. भ्यालेल्या माणसाने देवाच्या पंखाखाली शिरून म्हटलेलं ते गाणं होतं. तसं म्हणत असाल तर रोज म्हणा, दिवसातून चार वेळा म्हणा.

ज्या बाईंचा मुलगा गेला त्यांचं काय, हा प्रश्न तरीही उरतोच. त्याला मी फसवं उत्तर देणार नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय बारा उघडा. सुरुवातीलाच हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारतो. एका वचनात संपतं. लगेच तो पेत्राला धरतो, सोळा शिपायांच्या पहाऱ्यात ठेवतो, आणि त्याच अध्यायात देवदूत येऊन पेत्राला सोडवतो. दोघेही प्रेषित. दोघेही येशूच्या अगदी जवळच्या तिघांतले. मंडळी एकच, राजा एकच. एक वाचला आणि एक गेला. याकोबासाठी कोणी कमी प्रार्थना केली होती का? पेत्राचा विश्वास जास्त होता का? हे पुस्तक लिहिणारा लूक एका अक्षराने तसं सुचवत नाही. कारण देण्याचा मोह त्याने आवरला, आपणही आवरायला हवा. इब्री लोकांस पत्रातही असंच आहे. अकराव्या अध्यायात विश्वासाने तरवारीच्या धारेतून सुटलेले आणि त्याच विश्वासाने तरवारीखाली मेलेले एकाच यादीत आहेत, दोन-तीन वचनांच्या अंतराने.

(त्या बाराव्या अध्यायात हसू येण्यासारखंही एक आहे. पेत्र सुटून थेट मार्कच्या आईच्या घरी येतो, जिथे त्याच्यासाठीच प्रार्थना चाललेली असते. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आतली प्रार्थना करणारी मंडळी तिला म्हणतात, तुला वेड लागलंय. बिचारा पेत्र बाहेर दार ठोठावतोय. यांच्या विश्वासाचं माप कोणी काढलं असतं तर काय भरलं असतं? तरी पेत्र सुटला होता.)

म्हणून ताई, "माझ्या लेकीला काहीच होणार नाही" या वाक्यावर आशा उभी करू नका. ते मागणं म्हणून मागा, हट्टाने मागा, गेथशेमानेत येशूनेही हा दुःखाचा प्याला दूर कर म्हणून मागितलंच. पण ख्रिस्ती आशा ज्याच्यावर उभी आहे ते आधीच घडून गेलेलं आहे. रिकामी कबर. पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूच म्हणतो, मित्र नाही. त्यामुळे मरणाची भीती वाटण्यात काही चूक नाही. मात्र त्याचं म्हणणं असं की या शत्रूचा पाडाव ठरलेला आहे, कारण एक जण त्याच्या हातातून परत आलाय. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण वेगळं करील असं विचारताना तो क्लेश, उपासमार, संकट आणि तरवार यांची नावं घेतो. ही संकटं येणार नाहीत असं तो म्हणत नाही. त्यांना तेवढं एक जमणार नाही, असं म्हणतो. तुमची लेक त्या वॉर्डात असो की विमानात, की तुमच्या शेजारी बसलेली असो, त्या प्रीतीच्या ती बाहेर नाही. एवढंच मी तुम्हाला खात्रीने सांगू शकते. हे थोडं वाटलं तर वाटू दे. मला मात्र ते थोडं वाटत नाही.

आणि ही आशा आधी भीती संपवून मग येते असंही समजू नका. पुनरुत्थानाच्या सकाळी बायका कबरेपासून निघाल्या त्या भीतीने आणि मोठ्या आनंदाने, असं मत्तय लिहितो. दोन्ही एकदम! तशाच धावत सुटल्या, आणि निरोप पोहोचवायला निघालेल्या त्यांना वाटेत प्रभू भेटला.

त्या बाईंना टाळू नका. जा त्यांच्याकडे. स्पष्टीकरण घेऊन जाऊ नका, वचनांची चिठ्ठीही नको. "तुमच्या मुलाबद्दल सांगा" म्हणा आणि ऐका. वर्ष झालं की लोक मेलेल्याचं नाव घेणं बंद करतात, आईला तर तेच ऐकायचं असतं. तुमची भीती त्यांना सांगावीशी वाटली तर सांगा. ज्यांच्या बाबतीत ती भीती खरी ठरली आणि तरीही ज्या उपासनेला येऊन बसतात, त्या तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त शिकवतील. त्यांना तुमच्या नजरेत काय दिसेल याची तुम्हाला धास्ती वाटते. पण तुम्ही वाट बदलता हे त्यांना एव्हाना कळलेलं आहे, एवढं धरून चाला.

प्रार्थनेबद्दल. "देवा, देवा" ही प्रार्थना आहे. पूर्ण आहे. आपल्याला कशी प्रार्थना करावी ते कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, हेही पौलानेच लिहून ठेवलंय. फारच वाटलं तर स्तोत्र १३ उसनं घ्या. सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा "कुठवर?" विचारतो, तेही देवाला, तोंडावर. शेवटी भरवशावर येतो खरा, पण तुम्हाला रोज शेवटपर्यंत पोहोचायची सक्ती नाही. एखाद्या रात्री दोनच वचनं म्हणून थांबलात तरी चालेल.

आता फोन. रात्री दोन वाजता "शेवटचं ऑनलाइन" बारा चाळीसला दिसतं. मग मन हिशेब घालायला लागतं. ड्यूटी संपली असेल, मग झोपली का नाही? झोपली असेल तर मेसेजवर एकच खूण का आहे? नेटवर्क गेलं की आणखी काही? त्या आकड्यात तुमच्या लेकीची काहीही खबर नसते, तरी तुम्ही त्याच्यातून अख्खी शोकांतिका वाचून काढता. लेकीशी बोलून ठरवा की ड्यूटी संपली की रोज एक शब्दाचा मेसेज. ती दमलेली असेल, लांबलचक काही मागू नका. तो आला की त्या दिवसापुरती चौकशी संपली. नेटवर्क गेलं तर मेसेज चुकणार, हेही आधीच बोलून ठेवा. बातम्या दिवसा, ठरलेल्या वेळी, आणि झोपायच्या आधी नाहीत. फोन रात्री हाताला लागणार नाही इतका लांब ठेवा, तिच्या कॉलची रिंग तेवढी चालू ठेवा.

झोपेला कमी लेखू नका. एलिया ईजबेलीच्या भीतीने रानात पळाला, झुडपाखाली बसून "पुरे झालं, माझा प्राण घे" म्हणाला. देवदूताने त्याला आधी उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. बोलणं झालं ते त्यानंतर, होरेबावर पोहोचल्यावर. तुमची झोप महिनोन्‌महिने उडाली आहे, शिवाय पत्रात छातीत धडधड आणि हाताला घाम सुटणं असंही लिहिलंय. हे डॉक्टरांना दाखवा, आणि या आठवड्यातच दाखवा. औषध घ्यायला सांगितलं तर घ्या. समुपदेशकाकडे जायला सांगितलं तर जा. औषध घेतलं म्हणून प्रार्थना खोटी पडत नाही.

संडे स्कूल सोडू नका. दगदग झेपत नसेल तर महिनाभर कोणाची तरी मदत घ्या, ते वेगळं. पण तोंड कोरडं पडतं म्हणून सोडणार असाल तर नको. मुलांना तोंडपाठ वाक्य नको असतं. "बाईंना पण भीती वाटते, आणि बाई ती देवाला सांगतात" एवढं त्यांना दिसलं तर पुरे. घरोघरी मोठी माणसं टीव्हीवर युद्ध बघत असताना मुलंही शेजारी बसलेली असतात, त्यांनाही भीती असते. ती कोणाला सांगायची हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं.

शेवटचा प्रश्न, लेकीला परत बोलावण्याचा. हा प्रश्न मंडळीत जुना आहे. १५२७ साली जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये प्लेग आला. विद्यापीठ दुसऱ्या गावी हलवलं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरलाही तिथल्या शासकाने निघून जायला सांगितलं. तो राहिला. त्याची बायको कॅथरिना तेव्हा गरोदर होती, आणि त्यांच्या घराचंच जवळजवळ इस्पितळ झालं. हाच ल्यूथर त्या वर्षी स्वतः मनाने भयंकर खचलेला होता, ही गोष्ट त्याला केवळ शूर म्हणून मिरवणारे सांगत नाहीत. योहान हेस नावाच्या पाळकाने त्याला विचारलं होतं, ख्रिस्ती माणसाने मरणाच्या साथीतून पळून जावं का? ल्यूथरच्या उत्तरात सरसकट "पळू नका" असं नाही. जीव वाचवायची ओढ देवानेच घातलेली आहे, अब्राहामापासून दाविदापर्यंत कितीतरी जण संकटातून पळाले, असं तो दाखवून देतो. ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही, किंवा ज्याची जागा घ्यायला दुसरे आहेत, त्याने खुशाल जावं. ज्याच्या हाती आजारी माणसं सोपवलेली आहेत त्याने त्यांना उघड्यावर टाकून जाऊ नये. आणि राहणाऱ्याने औषध घ्यावं, घर धुरी देऊन शुद्ध करावं, गरज नसेल तिथे जाऊ नये. काळजी न घेता मिरवणाऱ्यांना तो देवाची परीक्षा पाहणारे म्हणतो. मंदिराच्या शिरोभागी झालेलं संभाषण आठवा.

तेव्हा "परत ये" म्हणणं हा अविश्वास नाही. आणि "पेशंट आहेत, मी कशी येऊ" हा तिचा हट्टही नाही. माझ्या मते तिच्या तोंडून तुमचंच संडे स्कूल बोलतंय. तिला एकदा, एकदाच, स्पष्ट सांगा की मला तू इथे हवी आहेस आणि मला फार भीती वाटते. रडू आलं तर येऊ द्या. मग विचारा की तुझ्या जागी दुसरं कोणी आहे का, हॉस्पिटल तुम्हाला हलवायची काही सोय करतंय का, बाहेर पडायचा रस्ता बंद व्हायच्या आधी कोणत्या वेळेला निघायचं हे तू ठरवलंयस का. दूतावासात नाव नोंदवलंय ना, कागदपत्रं एका पिशवीत आहेत ना, तेही विचारा. ही चौकशी आईने करायचीच असते. ती सज्ञान आहे, पुढचा निर्णय तिचा. तो तुमच्या मनाविरुद्ध गेला तर रोज फोनवर तोच विषय काढून तिला दमवू नका, ती आधीच दमलेली आहे.

उलट त्या फोनमध्ये तिला विचारा, तुझ्यासाठी आज नेमकं काय मागू? लिहून घ्या आणि रात्री तेवढंच मागा. ती कदाचित एखाद्या पेशंटचं नाव सांगेल, कदाचित म्हणेल वीज टिकू दे, कदाचित म्हणेल सोबतच्या नर्सशी भांडण झालंय ते मिटू दे. तुमच्या यादीत यातलं काहीच नसेल.